पाटीवरचा बाण कुठे गेला?

आपल्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यापाशी जी हिरवी-पांढरी पाटी आहे ना, ती त्या जागेवरची तिसरी पाटी. पहिली मीच केली होती आणि ती चुकली होती. दुसरीही मीच केली. ती बरोबर होती, पण लांबून वाचता येत नव्हती. तिसरी करताना जे काही शिकलो ते लिहून दे, असं संपादक मंडळानं सांगितलं म्हणून हा लेख. हे आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही, व्हायवाला कोणी विचारणार नाही. तेव्हा निश्चिंत वाचा.

गेल्या वर्षी होस्टेल कमिटीत 'पाट्या' हे खातं माझ्याकडे आलं. कामं वाटताना मी उशिरा पोचलो, एवढीच माझी पात्रता. सात पाट्या करायच्या होत्या : जिना, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, अग्निशामक, मेस, सिक रूम आणि मुख्य स्विच. मी वर्डमध्ये 'जिना' टाइप केलं, पुढे दोन डॅश आणि एक कोनाचं चिन्ह दाबलं, आणि काय आश्चर्य! वर्डनं त्याचा आपोआप झकास बाण करून दिला. प्रथमोपचाराला त्याच्याच चिन्हांच्या फाँटातला एक क्रॉस घेतला. रेक्टर सरांच्या नंबरापुढे टेलिफोनचं चित्र टाकलं. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि फ्लेक्सवाल्याला दिली. त्यानं मजकूर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उचलून घेतला आणि संध्याकाळी सातही पाट्या हातात ठेवल्या.

बाण गायब! बाणाच्या जागी रोमन लिपीतला छोटा 'ए', त्याच्या डोक्यावर एक तिरकी रेघ. टेलिफोनच्या जागी नुसताच उघडा कंस. क्रॉसच्या जागी आणखी एक रोमन अक्षर. फ्लेक्सवाल्याचा दोष नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं छापलं, आणि प्रूफ न बघता 'छापा' म्हणणारा मीच. "असू दे रे, 'प्रथमोपचार' एवढं मोठ्ठं मराठीत लिहिलंय की," असं म्हणून आम्ही पाट्या लावून टाकल्या. बाण नंतर स्टिकरनं चिकटवू, असंही ठरलं. होस्टेलमधलं 'नंतर' म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोनच आठवड्यांत एका रात्री मेसमध्ये पुऱ्या तळताना मावशींच्या हातावर तेल उडालं. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर कॉरिडॉरमधले एक-दोन दिवे. मेसमधला हाताखालचा मुलगा प्रथमोपचाराची पेटी आणायला वर पळाला. तो ओडिशाचा, कामावर येऊन पंधरा दिवस झालेले. हिंदी बोलतो, पण वाचता फक्त ओडियाच येतं. पाटी त्याला दिसली. पण पाटीवर त्याच्या उपयोगाचं एकच असणार होतं, क्रॉस आणि बाण, आणि नेमकं तेच नव्हतं. तो डावीकडे गेला, बाथरूमपर्यंत जाऊन परत आला, मग उजवीकडे गेला. चार-पाच मिनिटं गेली. तेवढ्यात खाली कोणीतरी मावशींच्या हाताला टूथपेस्ट फासली. भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली हात वीस मिनिटं धरायचा असतो आणि पेस्टबिस्ट काही लावायचं नसतं. हे त्या पेटीतल्या कार्डावर लिहिलेलं होतं, पण पेटी तर वर! मावशींचा हात बरा झाला. डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी रेक्टर सर एवढंच म्हणाले, "पाटी कोणासाठी असते रे? ज्याला पेटी कुठंय ते माहीत आहे, त्याच्यासाठी?"

आता मुद्द्यावर येतो. बाणाचा 'ए' झाला कसा?

संगणकाच्या दृष्टीनं अक्षर म्हणजे एक क्रमांक. त्या क्रमांकाला कोणतं चित्र दाखवायचं ते फाँट ठरवतो. १९९० साली चार्ल्स बिगेलो आणि क्रिस होम्स या जोडीनं आपल्या 'ल्युसिडा' या अक्षरमालेला शोभतील अशी चिन्हं, बाण आणि तारे काढले. ते हक्क मायक्रोसॉफ्टनं घेतले, त्यांची फेरमांडणी केली, आणि १९९२ च्या विंडोज ३.१ बरोबर ती 'विंगडिंग्ज' या नावानं घरोघर गेली. म्हणजे मुळात ही चिन्हं अक्षरांच्या जोडीनंच जन्मली होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पण त्या काळी चिन्हांना स्वतःचे क्रमांक नव्हते. म्हणून त्यांना रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलं. रोमन 'जे'च्या खुर्चीवर हसरा चेहरा, उघड्या कंसाच्या खुर्चीवर टेलिफोन, आणि डोक्यावर रेघ असलेल्या 'ए'च्या खुर्चीवर माझा बाण. फाँट सोबत आहे तोवर सगळं ठीक. फाँट गेला की खुर्चीचा मूळ मालक उघडा पडतो. ऑफिसातल्या ईमेलमध्ये वाक्याच्या शेवटी विनाकारण 'जे' दिसायचा, तोही असाच एक हरवलेला हसरा चेहरा.

हे वाचून मराठी माणसाला हसू यायला नको, कारण आपण सबंध मराठी भाषाच वर्षानुवर्षं अशी उसन्या खुर्च्यांवर बसवली होती. पुण्याच्या मॉड्युलरची 'श्रीलिपी' घ्या, 'शिवाजी' घ्या, हिंदीवाल्यांचा 'कृतिदेव' घ्या. दिसायला देवनागरी, पण आत रोमन क्रमांक. या फाँटांनी छपाईची प्रचंड कामं केली, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण एका फाँटातली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि टिंबांचा सडा! आपल्या ऑफिसमधल्या काकांना विचारा, त्यांच्याकडे अशा फायलींचं एक आख्खं कपाट आहे. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट आला आणि त्या जागा साध्या घरगुती संगणकावर दिसू लागल्या. 'मंगल' काढला र. कृ. जोशींनी. कोल्हापूरचा माणूस, मुंबईच्या आयआयटीत सुलेखन आणि अक्षररचना शिकवायचे, २००८ साली गेले.

एखाद्या चिन्हाला स्वतःची खुर्ची मिळते म्हणजे काय, हे बघायचं तर खिशातली नोट काढा. रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मान्य केलं. ते काढणारे डी. उदय कुमार तेव्हा मुंबई आयआयटीच्याच डिझाइन केंद्रात पीएच.डी. करत होते. चिन्ह जाहीर झालं, पण कीबोर्डवर नाही, फाँटात नाही. तेव्हा काही दिवसांतच मंगळूरच्या एका कंपनीनं एक फाँट फुकट वाटला. टॅबच्या वरच्या बटणावर जे उलटं टिंब असतं, त्याच्या खुर्चीवर रुपया बसवलेला. लोकांनी तो भराभर उतरवून घेतला. पण तीच जुनी भानगड : ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला रुपयाच्या जागी ते टिंबच दिसणार. म्हणजे बिलात रक्कम आहे आणि चलन नाही! ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडची ६.० आवृत्ती आली, त्यात रुपयाला २०बी९ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. गंमत म्हणजे जपानी मोबाइलवरचे इमोजीसुद्धा याच आवृत्तीत आत आले. रुपया आणि हसरा चेहरा एकाच दिवशी नोकरीत कायम झाले म्हणायचे.

पण क्रमांक मिळाला म्हणून काम संपत नाही. तो फक्त 'इथे रुपया आहे' एवढंच सांगतो. तो कसा दिसेल हे प्रत्येक फाँटकारानं आपापल्या अक्षरांप्रमाणे काढायचं. जाड फाँटात जाड रुपया, बारीक फाँटात बारीक. एकाच फाँटातली ५०० ही संख्या आणि तिच्यामागचा रुपया नीट बघा, एकाच हातानं काढल्यासारखे दिसतात. माझ्या दुसऱ्या पाटीत नेमकं हेच नव्हतं.

दुसऱ्या पाटीत मी बाण युनिकोडचा घेतला, खास त्याचा क्रमांक शोधून. तो हरवला नाही. पण दिसला कसा? अक्षरं जाडजूड आणि बाण काडीसारखा. क्रॉस दुसऱ्याच कुठल्या फाँटातून आला, तो गलेलठ्ठ. पाण्याचा नळ इंटरनेटवरून उचललेलं चित्र, त्याला सावलीबिवली. दहा पावलांवरून 'जिना' वाचता यायचं आणि बाण आहे की भिंतीवरचा ओरखडा ते कळायचं नाही. डोळ्यांनी आधी 'इथे एकच गोष्ट सांगितली आहे' असं मानावं लागतं, मग मेंदू वाचतो. चार तऱ्हेच्या जाडीच्या रेषा दिसल्या की डोळा प्रत्येकीपाशी अडखळतो. हे माझं मत, पण इतरांनी याची किंमत फार आधी ओळखलेली आहे.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी मोठी आग लागली, १७ माणसं गेली. त्यानंतर विमानतळाच्या सगळ्या पाट्या नव्यानं करायचं काम एरिक स्पीकरमान यांच्या संस्थेकडे आलं. त्यातून 'एफएफ इन्फो' नावाचा फाँट पुढे आला, स्पीकरमान आणि ओले शेफर यांनी काढलेला. त्यात पाट्यांची अक्षरं आणि त्याच घराण्यातली चिन्हं आहेत : बाण, जिना, लिफ्ट, टॅक्सी. अक्षर टाइप करतो तसंच चिन्ह टाइप करायचं. वेगळं चित्र आणून चिकटवायची गरजच नाही. अ‍ॅपलनं २०१९ साली आपल्या 'सॅन फ्रान्सिस्को' फाँटाच्या जोडीला चिन्हांचा संच काढला, तो तर नऊ जाडींमध्ये. अक्षर ठळक केलं की शेजारचं चिन्हही ठळक होतं. त्याच्या खूप आधी, १९२० च्या दशकात व्हिएन्नात ऑटो न्यूराथ आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांनी आकडेवारी सांगायला छोट्या माणसांची चित्रं वापरली आणि सोबतचा मजकूर साध्या, एकसारख्या जाडीच्या 'फ्युचुरा' अक्षरांत ठेवला. कल्पना तीच.

हे सगळं वाचून मी जरा भारावलो होतो. मग एका रविवारी जांबे गावात चक्कर मारली आणि जमिनीवर आलो. तिथल्या जुन्या, हातानं रंगवलेल्या पाट्या बघा. पेंटर ज्या ब्रशनं 'पंक्चर' लिहितो त्याच ब्रशनं, तोच रंग असताना, खाली बाण ओढतो. त्याला जाडी जुळवावी लागतच नाही, ब्रशच एक आहे! एका भिंतीवर निवडणुकीतली कपबशी उरलेली होती, उमेदवाराच्या नावाची अक्षरं आणि कपाचा कान एकाच वळणाचे. मुंबईचे डबेवालेही हेच करतात. त्यांच्यातले पुष्कळजण आपल्याच बाजूचे, मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातले. डब्याच्या झाकणावर स्टेशन, माणूस, इमारत आणि मजला हे आकडे-अक्षरांत आणि रंगांत रंगवलेले असतात, आणि गर्दीच्या फलाटावर नुसत्या नजरेनं डबे वेगळे काढले जातात. संगणकानं आपल्याकडून तो एक ब्रश काढून घेतला. अक्षर एका दुकानातून, बाण दुसऱ्या.

तर मग तिसऱ्या पाटीसाठी ठरवलं की आपला ब्रश आपणच करायचा. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा फाँट मुक्त परवान्याचा आहे, म्हणजे त्यात भर घालायची कायदेशीर मुभा आहे. नाव मात्र मी बदललं, आपल्या दुरुस्त्या मूळ माणसाच्या नावावर खपवू नयेत. तो 'फाँटफोर्ज' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि त्यात आपल्या सात पाट्यांसाठी आठ चिन्हं काढायला घेतली, सात त्या-त्या जागांची आणि आठवा बाण.

पहिला धडा लगेच मिळाला. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक चिन्हं रोमन अक्षरांच्या मापानं केलेली असतात. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, म्हणून चिन्हही तिच्यावर उभं करतात आणि मोठ्या अक्षरांच्या उंचीइतकं ठेवतात. देवनागरीचं उलटं आहे, आपली अक्षरं शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात. वाचताना डोळा वरच्या रेषेवरून धावतो. रोमन मापाचा बाण 'जिना'च्या शेजारी ठेवला की खाली घसरल्यासारखा वाटतो, तर नळाचं डोकं शिरोरेषेच्या वर निघून वेलांटीशी भांडतं. मी चिन्हांचा मुख्य भाग शिरोरेषा ते तळरेषा एवढ्यात बसवला. नळाची तोटी तेवढी रेषेच्या वर जाऊ दिली, जशी मात्रा जाते तशी. बाणाचा दांडा बरोबर मध्ये न ठेवता किंचित वर घेतला. 'किंचित' म्हणजे किती? सहा वेळा प्रिंट काढून, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ठरवलं. याला फॉर्म्युला नाही.

जाडीसाठी प्रमाण घेतलं ते काना. शिरोरेषेशी जुळवू नका, ती सहसा थोडी बारीक असते, चिन्हं अशक्त दिसतात. 'मुक्ता'त सात जाडी आहेत, मी एकाच जाडीची चिन्हं काढली. सातही काढायच्या तर आणखी एक सेमिस्टर लागेल.

अर्थाच्या बाबतीत मात्र डोकं चालवायचं नाही. प्रथमोपचाराला लाल क्रॉस काढायला निघालो होतो, सरांनी थांबवलं. रेडक्रॉसचं चिन्ह कायद्यानं राखीव आहे, आपल्याकडे त्यासाठी १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. प्रथमोपचाराचं आंतरराष्ट्रीय चिन्ह म्हणजे हिरव्यावर पांढरा क्रॉस. बाहेर पळणारा माणूसही कोणीतरी आधीच काढलेला आहे, जपानचे युकिओ ओटा आणि त्यांचे सहकारी. लोकांना ओळखीचं आहे ते तसंच ठेवायचं, फक्त रेषा आपल्या अक्षरांच्या करायच्या.

आता राहिला तो खुर्चीचा प्रश्न. नळ, मेस यांना चिन्ह म्हणून बसवायचं कुठे? युनिकोडमध्ये प्रत्येकानं आपापलं काहीही ठेवावं यासाठी हजारो खासगी जागा राखलेल्या आहेत. वेबसाइटवरचे बरेच आयकॉन-फाँट तिथेच राहतात. पण फाँट हरवला की तिथे रिकामा चौकोन दिसतो, म्हणजे 'ए'ऐवजी चौकोन, एवढीच प्रगती! आणि अंध विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर तिथे काय वाचणार?

उत्तर आपल्याच लिपीत निघालं. 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन क्रमांक ओळीनं आले की फाँट त्यांच्याऐवजी 'क्ष' हे एकच चित्र दाखवतो. आत तीन, बाहेर एक. आपण हे रोज करतो, त्याला जोडाक्षर म्हणतो. गूगलच्या २०१४ च्या मटेरियल आयकॉन्समध्ये हीच युक्ती आहे. इंग्रजीत 'होम' टाइप केलं की घराचं चित्र येतं. मग 'पाणी' टाइप केल्यावर नळ का येऊ नये? फाँट हरवला तर काय उरेल? 'पाणी' हा शब्द! कचरा नाही, चौकोन नाही, चक्क अर्थ उरेल.

लिहायला सोपं, करताना दोन रात्री गेल्या. इंग्रजीत अशा जोडण्या फाँटाच्या ज्या कप्प्यात ठेवतात त्याचं नाव 'लिगा'. मी तिथे ठेवल्या, काहीच होईना. मग कळलं की देवनागरी जुळवणारं सॉफ्टवेअर तो कप्पा उघडतच नाही, कारण आपल्या जोडाक्षरांचे कप्पे वेगळे आहेत. ते वेगळे कप्पे अक्षरागणिक काम करतात, आणि मला तर 'पा' आणि 'णी' अशी दोन अक्षरं ओलांडायची होती. शेवटी 'कॅल्ट' नावाच्या कप्प्यात ठेवल्यावर नळ उगवला. रात्रीचे अडीच वाजलेले, रूम पार्टनरला उठवून दाखवला. त्याची प्रतिक्रिया इथे छापता येणार नाही.

सकाळी नवीन घोटाळा. नोटीस टाइप केली 'उद्या पाणीपुरवठा बंद राहील' आणि छापून आलं : उद्या, मग नळाचं चित्र, मग 'पुरवठा बंद राहील'. म्हणून आता शब्दाआधी हॅशचं चिन्ह लावायचं. '#पाणी' लिहिलं की नळ, नुसतं 'पाणी' लिहिलं की पाणी. फाँट हरवलाच तर पाटीवर '#पाणी' दिसेल. थोडं विचित्र, पण तहानलेल्याला पुरेसं.

मग पाट्या त्याच फ्लेक्सवाल्याकडून करून घेतल्या. या वेळी प्रूफ बघितलं, आणि फाइल देताना अक्षरांच्या बाह्यरेषा करून दिल्या, म्हणजे फाँट हरवायचा प्रश्नच नको. पाटी रंगवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर. आपण मराठीसाठी त्याहून थोडं जास्त धरलं, कारण उंचीत वेलांट्या-उकारांचाही वाटा असतो.

लावण्याआधी मेसमधल्या त्याच मुलाला बोलावलं. अक्षरांवर कागद झाकला आणि नुसती चिन्हं दाखवून विचारलं, हे काय? पाणी, जिना, दवाई, आग, खाना, बिजली, पटापट सांगितलं. सिक रूमपाशी थांबला. पलंगाचं चित्र बघून म्हणाला, "गेस्ट रूम?" पलंगावर छोटा क्रॉस टाकून पाहिला, तर तो म्हणाला, "हॉस्पिटल?" आणि तिकडे जायला घाबरल्यासारखा दिसला. थर्मामीटर काढून पाहिला, तो पहिल्या वर्षातल्या तीन मुलांनी पेन म्हणून ओळखला. तेव्हा सहा पाट्या लागल्या आहेत, आणि सिक रूमच्या दारावर अजून नुसती अक्षरंच आहेत. फाँटाची फाइल लायब्ररीतल्या संगणकावर ठेवली आहे. त्यात आठव्या चिन्हाची जागा रिकामी आहे. कोणाला सुचलं तर काढून बघा, आणि मेसमध्ये जाऊन आधी त्याला दाखवा.